पिळलेला खडू

नववीला सर वर्गात आले, टेबलावरचा नवा खडू उचलला आणि ओलं फडकं पिळतात तसा दोन्ही हातांनी पिळला. तुटला, पण सरळ नाही, तिरका, वळणावळणाचा. का? तर पिळलं की 45 अंशात ओढ बसते, खडू दाब सोसतो पण ओढ सोसत नाही, म्हणून तो तिथंच फाटतो. नंतर प्रतिबल, विकृती हे शब्द आले, पण आधी तो तुकडा सगळ्या बाकांवरून फिरला.

सर म्हणायचे, नुसता भार सांगू नका, किती जागेवर ते सांगा. भार भागिले क्षेत्रफळ म्हणजे प्रतिबल, आणि मूळ लांबीच्या मानानं किती लांबलं ती विकृती. एकदा आम्हाला सांगलीच्या आयर्विन पुलाखाली घाटावर नेलेलं, 1929 चा पूल, दगडी कमानी दाखवून म्हणाले इथं दगडाला फक्त दाबाचं काम दिलंय, म्हणून उभाय बघा.

आज मी कुपवाड एमआयडीसीत बांधकामाच्या लोखंडी सळ्या, म्हणजे बार, ओढून टेस्टिंगचं काम करतो. 12 मिमीचा बार, क्षेत्रफळ 113 चौमिमी, एफई 500 ही लोखंडाची प्रत, म्हणजे चौमिमीला 500 न्यूटन, म्हणजे जवळपास पावणेसहा टन ओढेपर्यंत बार सोडला की परत जागेवर येतो, मीटरला जेमतेम अडीच मिमी लांबतो. त्याच्या पुढं गेलं की वरची काळी खपली झडायला लागते, मग एका जागी बारची मान बारीक होते, आणि फाट्कन आवाज! तुकडे जुळवून आधी एकमेकींपासून 60 मिमीवर मारलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजायचं, चांगल्या बारात ते 70 पर्यंत जातं.

गिऱ्हाईक फक्त ताकद किती विचारतं, लांबला किती हे कुणी विचारत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कोयनेचा 1967 चा भूकंप आमच्या घरात अजून बोलण्यात येतो, आपल्या भागात घर बांधताना लोखंड तुटायच्या आधी लांबलं पाहिजे, म्हणजे माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो, खडूसारखं कडकन गेलं तर काय करणार?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला येताना तुटलेल्या गुळगुळीत सळीचे दोन तुकडे आणतोय, एक टोक वाटीसारखं खोलगट, दुसरं शंकूसारखं. प्रयोगशाळेच्या कपाटात खडूच्या पेटीशेजारी ठेवा.