आईचा सोमवार आणि दादाचं मटण
संध्याकाळी जवळच कुठंतरी जेवायला जायचं, एवढं ठरवायला अख्खा दिवस गेला. दादाला मटण हवं, आईचा सोमवार, पोरांना पनीर. शेवटी जुळे सोलापुरातलंच, घरापासून ५ मिनिटांवरचं साधं हॉटेल. फोन केला तर मालक म्हणाले, "टेबल कशाला धरायचं? या की!" गेलो तर बाहेर ही गर्दी. अर्धा तास उभं.

पण शेंगाची, म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची, पातळ भाजी आली, वाफाळती. आईनं कडक भाकरी कटकन मोडून वाटीत कुस्करली, वर कुटलेली, तेल सुटलेली शेंगा चटणी. (मिक्सरवरची चटणी ती चटणी मानतच नाही.) बाहेरच्या भाकरीला नावं ठेवणारी आई आज गप्प जेवली.

बिल दादानं दिलं. म्हणजे पुढच्या वेळी मटणच.