तुम्ही विचारलंत म्हणून: लांडगा चालतो, अस्वल का नाही?

"लांडग्यांच्या मागे माळावर बिनधास्त हिंडता आणि अस्वल म्हटलं की पाय का लटपटतात हो?" हे इतक्या जणांनी हसत हसत विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकते.

लांडग्याचं सोपंय. उघड्या माळावर तो तुम्हाला दिसायच्या कितीतरी आधी तुम्ही त्याला दिसलेले असता, आणि तो वाट बदलतो. मला दिसलेले बहुतेक पाठमोरेच. आता कुणीतरी म्हणणारच, मग पोरं उचलली ती? उचलली ना, १९९६ ला पूर्व उत्तर प्रदेशात, २०२४ ला बहराइचमध्ये, आणि पिसाळलेल्याची तर गोष्टच वेगळी. मी काही लांडग्यांची वकील नाही. पण धडधाकट लांडगा मोठ्या माणसाच्या नादी सहसा लागत नाही, एवढंच.

अस्वलालाही माणूस नकोच असतो. पण त्याला वेळेवर कळत नाही. नजर यथातथा, सगळा भरवसा नाकावर, आणि आमची गाठ पडली त्या दिवशी वारा आमच्या तोंडावर येत होता. सुका नाला, दोन्ही बाजूंनी अंगाला घासणारी जाळी, पुढे वनमजूर दादा, मागे मी. वळणापलीकडून फुर्रर फुर्रर आवाज, मला वाटलं कुणाची तरी बाइक स्टार्ट होत नाहीये. दादांनी ओळखलं, हात मागे करून मला थांबवलं. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, तो आवाज. आम्ही एकेक पाऊल मागे घेत होतो आणि आवाज एकदम थांबला. मग ती मागच्या पायांवर उभी राहिली, तोंडाला लाल माती, छातीवर तो पांढुरका व्ही, खांद्यामागे केस घट्ट धरून बसलेलं पिल्लू. उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, ती अंदाज घेत असते, हे मीच लोकांना सांगायचे. ती खाली आली आणि किंचाळत सरळ दादांवर. त्यांनी काठी आडवी धरेपर्यंत पंजा गालावरून डोळ्यापर्यंत गेला होता. मग जाळीत घुसून गायब. मी ओढणीने त्यांचा गाल दाबून धरला होता आणि ते मलाच विचारत होते, "मॅडम, तुम्हाला लागलं का?"

डोळा गेला.

पळाला का नाहीत? अस्वल माणसापेक्षा जोरात पळतं. झाडावर? तिथेही ते आपल्याहून सरस. खरं सांगायचं तर मी यातला काहीही विचार केला नव्हता, पाय हललेच नाहीत.

पूर्वी मी स्लाइडवर लिहायचे, 'अंतर ठेवा, अस्वल तुमच्या वाटेला जाणार नाही.' वाक्य आजही खोडता येत नाही मला. पण आंधळ्या वळणावर अंतर कोण ठेवणार? म्हणून आता सांगते, बोलत चाला, खाकरत चाला. त्यावर ती जुनी मी लगेच म्हणते, एवढा गोंगाट करत जायचं तर जंगलात बघायला काय मिळणार? बरोबर आहे तिचं, फारसं काही नाही मिळणार.

दादा अजून त्याच नाल्याने जातात, आता मोठमोठ्याने बोलत. म्हणतात, लेकुरवाळी होती, दुसरं काय करणार ती. मला एखाद्या दिवशी हे पटतं, आणि एखाद्या दिवशी ते समोर बसून बोलत असतात तेव्हा अजिबात नाही.