दुसरं वाक्य

कॅलिफोर्नियातल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात मी चार्टर शाळांचं काम बघते. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतंत्र संस्थेकडे ठरावीक मुदतीसाठी सोपवलेली शाळा. मुदत संपत आली की नूतनीकरणाचा अर्ज माझ्या टेबलावर येतो. मी तो तपासून शिफारस लिहिते, निर्णय बोर्ड घेतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. एका चार्टर शाळेचा अर्ज आला होता. तिला २०१७ मध्ये पाच वर्षं मिळाली होती. करोनामुळे राज्यानं कायदा करूनच आधी दोन आणि पुढे एक वर्ष वाढवून दिलं, म्हणून पहिला हिशेब आठव्या वर्षी होत होता. २०१९ च्या एबी १५०५ कायद्यानं अशा शाळांचे तीन गट पाडलेत, तेही मुख्यतः राज्याच्या डॅशबोर्डवरच्या, म्हणजे शाळांच्या कामगिरीच्या तक्त्यावरच्या, लाल (सर्वांत वाईट) ते निळा (सर्वांत चांगला) या पाच रंगांवरून. वरच्या गटाला पाच ते सात वर्षं मिळू शकतात. खालच्या गटाला सहसा नकारच, फार तर दोन वर्षं. ही शाळा मधल्या गटात होती. इंग्रजी पिवळं, गणित नारिंगी.

मधल्या गटाला नकार द्यायचा तर दोन गोष्टी लेखी मांडाव्या लागतात. शाळेनं पुरेशी प्रगती केली नाही, ही पहिली. आणि शाळा बंद होण्यातच मुलांचं हित आहे, ही दुसरी.

पहिलीवर मी दोन पानं लिहिली होती. गणिताचे आकडे खरोखर वाईट होते आणि त्याबद्दल मला आजही सहानुभूती नाही. दुसरीसाठी जुन्या अहवालातलं एक तयार वाक्य होतं: 'मुलांना जवळच्या शाळांमध्ये सामावून घेता येईल.' आमच्या साहेबांचा कल नकाराकडे होता. सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी शिफारस जाहीर करावी लागते आणि ती मुदत दुसऱ्याच दिवशी होती. मी ते वाक्य चिकटवलं. पण पुढे हात चालेना. साताऱ्याकडच्या आमच्या गावात पट कमी म्हणून चौथीपर्यंतची शाळा बंद झाली, तेव्हाही कागदावर 'जवळची शाळा' असंच लिहिलं होतं. मधला ओढा कागदावर नव्हता.

जवळच्या तीन शाळांचा डॅशबोर्ड उघडला. गणितात दोन नारिंगी, एक लाल.

दुपारी गाडी काढून मी त्या शाळेपाशी गेले. पावणेतीनला शाळा सुटली. एक आजी बाबागाडी ढकलत, दोन नातवंडांना घेऊन बाहेर पडल्या. मी ओळख सांगितली. मोडक्या इंग्रजीत त्यांनी एवढंच विचारलं, "बंद होणार का?" मला उत्तर देता आलं नाही. मग गाडी तिथेच ठेवून मी सर्वांत जवळच्या शाळेकडे पायी निघाले. वाटेत फ्रीवेखालचा बोगदा लागतो. तिथे फूटपाथ अर्ध्यावरच संपतो, पुढे नुसता पांढरा पट्टा आणि त्याला घासून जाणारे ट्रक. मी भिंतीला खांदा लावून चालत होते. पोचायला ३८ मिनिटं लागली. बाबागाडी आणि दोन मुलं घेऊन किती लागतील, ते मोजायची गरज नव्हती. आणि एवढं चालून मिळणार काय, तर गणिताचा तोच नारिंगी रंग.

ऑफिसात परतून ते चिकटवलेलं वाक्य खोडलं. साहेबांना म्हटलं, "पहिलं सिद्ध करता येईल, दुसरं मी लिहू शकत नाही, कारण ते खरं नाही." ते नाराज झाले. तीन शाळांचे रंग मी त्यांच्यापुढे ठेवले, बोगद्याचा फोटो दाखवला. बराच वेळ ते बघत राहिले आणि म्हणाले, "मग गणिताचं काय?" प्रश्न रास्त होता. रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघांनी बसून अटी लिहिल्या. वर्षातून तीनदा गणिताची चाचणी, नव्यानं इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे आकडे वेगळे, आणि दर जूनला लेखी अहवाल.

सुनावणीत बोर्डानं चार विरुद्ध तीन मतांनी पाच वर्षं दिली. नाही म्हणणाऱ्या तिघांपैकी एका बाईंनी नंतर मला गाठलं. "गणित विसरू नका," म्हणाल्या. विसरलेले नाही. पहिली चाचणी जानेवारीत होती आणि तिचे आकडे शाळेकडून मी स्वतः मागून घेतले. तिसरीचा वर्ग थोडा वर सरकलाय. पाचवीचा अजून नाही.