आत्याने माझं कार्ड बँकेच्या कागदांत ठेवलं

परवा आत्याशी फोनवर बोलले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. मागच्या डिसेंबरात आम्ही सगळ्यांना कार्डं पाठवली होती, पुढे मुलांचा फोटो आणि मागे मी हाताने लिहिलेल्या चार ओळी. आत्याकडून काहीच आलं नाही, फोन नाही, मेसेज नाही, मला वाटलं पोस्टात गहाळ झालं. तर आता कळलं की कार्ड जानेवारीतच पोचलं होतं, पण तिने ते न फोडता टीव्हीखालच्या खणात बँकेच्या पत्रांत आणि लाइटबिलांत ठेवून दिलं आणि दादा मार्च एंडचे कागद काढायला बसला तेव्हा ते उघडलं गेलं. "अगो, वर छापून चिकटवलेलं नाव. मला वाटलं एफडीचं काहीतरी असेल. आपल्या माणसाचं पत्र असं येतं होय?"

रागावून नाही बोलली, त्याचंच जास्त लागलं. वर म्हणाली, तुझं अक्षर मला ओळखता येतं ना. येतंच. चौथीपासून मे महिना संपवून पुण्याला परतले की तिला पहिलं इनलँड मीच टाकायचे, आणि ती सगळी तिने तारेला टोचून ठेवलेली मी स्वतः पाहिलीयेत.

पण मला माझी बाजू मांडायचीच आहे. इथे न्यू जर्सीत आमची यादी चौपन्न घरांची आहे. ऑफिस, मुलांच्या शाळेतली घरं, मराठी मंडळातले लोक, शेजारी, नवऱ्याचे जुने सहकारी जे आता टेक्सासला नाहीतर कॅलिफोर्नियाला गेलेत, आणि मग भारतातली बारा घरं. हे सगळं थँक्सगिव्हिंगनंतरच्या दोन वीकेंडांत बसवायचं असतं. आणि इथे लेबल लावणं म्हणजे तुटकपणा असं कुणालाच वाटत नाही. आमच्या शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत, डायनिंग टेबलवर दोन दिवस कार्डांचा पसारा मांडून बसतात, आत प्रत्येकाला वेगळी ओळ लिहितात, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं तेसुद्धा विचारतात, पण पाकिटावर मात्र छापील लेबल. त्यांचं म्हणणं, पत्ता मशीनसाठी, आतलं माणसासाठी. खरंच आहे ते, पत्र इथे आधी मशीन वाचतं, पत्त्यावरून त्याच्यावर बारकोड मारतं, आणि मशीनला नाहीच लागलं तर पाकिटाचा फोटो माणसापुढे जातो आणि तो बघून टाइप करतो. माझं अक्षर आत्याला कळतं, मशीनला कळेलच असं नाही.

आता त्या लेबलांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण मी त्याच्यात तीन वर्षं घालवलीत. पहिल्या वर्षी मी सगळे पत्ते कॉम्प्युटरमधून एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये घेतले आणि तिथून लेबलं काढली. आमच्या एडिसनचे झिपकोड, म्हणजे इथले पिनकोड, शून्याने सुरू होतात, ०८८२०, ०८८१७ असे. एक्सेलला तो आकडा वाटला, त्याने पुढचं शून्य काढून टाकलं, आणि आमच्याच गावातल्या एकोणीस घरांना चार आकडी झिपकोड छापून आले. मी ते शून्य पेनाने घातलं, एकोणीस वेळा.

दुसऱ्या वर्षी मॅकवरच्या कॉन्टॅक्ट्स या नावपत्त्यांच्या ॲपमधूनच थेट काढली. ते मला आजही आवडतं, अगदी मनापासून. डावीकडे एक वेगळी लिस्ट करायची, तिच्यात ज्यांना पाठवायचंय त्यांची कार्डं (त्या ॲपमध्ये प्रत्येक माणसाच्या नोंदीला कार्डच म्हणतात) ओढून टाकायची, मग प्रिंट, स्टाइलमध्ये मेलिंग लेबल्स आणि पानाच्या जागी एव्हरी ५१६०, म्हणजे एव्हरी कंपनीच्या लेबलांच्या शीटचा नंबर. तो इथे दुकानदारापासून शाळेच्या ऑफिसपर्यंत सगळ्यांना पाठ असतो, एका शीटवर तीसची लेबलं, तीन उभ्या रांगा, प्रत्येकीत दहा, एक लेबल एक इंच उंच आणि पावणेतीन इंचाला जरा कमी रुंद. आडनावाप्रमाणे लावा नाहीतर झिपकोडप्रमाणे, आणि देशाचं नाव फक्त परदेशच्याच पत्त्यांवर छापायचं अशी सोयसुद्धा आहे. ज्याने कुणी हे केलं त्याने बसून विचार केलाय.

तरी पहिली शीट वाया गेलीच. वरची ओळ बरोबर, दुसरी किंचित खाली, तिसरी अजून खाली, आणि दहाव्या ओळीपर्यंत झिपकोड खालच्या लेबलवर. प्रिंटरला शिव्या दिल्या, नवरा म्हणाला रोलर गेलाय. रोलरला काहीही झालेलं नव्हतं. माझा मॅक पुण्याहून आणलेला, त्याच्यात कागद ए-फोर धरलेला, आणि इथली लेबलं लेटर साइझच्या कागदावर. ए-फोर लेटरपेक्षा जवळजवळ अठरा मिलिमीटर जास्त उंच असतो. कागद बदलला, स्केल शंभर टक्के केलं, आधी साध्या कागदावर छापून तो लेबलांच्या शीटवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरला, तंतोतंत. त्या रात्री मला जो आनंद झाला तो कुणाला सांगून कळणार नाही.

माझं खरं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. या सॉफ्टवेअरला माणूस कळतो, घर कळत नाही. एक कार्ड म्हणजे एक माणूस. नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको दोघांचेही फोन नंबर आहेत म्हणून दोन कार्डं, म्हणून दोन लेबलं, एकाच घरात दोन पाकिटं. यावर उपाय असा की घराच्या नावाचं तिसरंच कार्ड करायचं, त्याला "कंपनी" म्हणून टिक करायची आणि कंपनीच्या नावात कुटुंबाचं आडनाव लिहायचं, मग लेबलवर तेवढंच येतं. म्हणजे चुलत्यांचं अख्खं घर, चार भाऊ, त्यांच्या बायका, आजी, सगळे मिळून माझ्याकडे एक कंपनी आहेत! मला ते बरोबर वाटत नाही, पण काम होतं.

आणि पत्ता! इथला पत्ता म्हणजे घर नंबर, रस्ता, गाव, दोन अक्षरी राज्य, झिप. तीन ओळी, संपलं. आत्याचा पत्ता म्हणजे मु. पो., वाडी, देवळामागे, अमुक यांच्या वाड्याशेजारी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी, मग पिनकोड, मग राज्य, मग देश. एक इंचात हे मावत नाही. अक्षर इतकं बारीक करावं लागतं की औषधाच्या बाटलीवरचं वाटावं. मागच्या वर्षी मी "देवळामागे" काढून टाकलं, पिनकोड आहे ना म्हटलं, पोचेल. पोचलंच. पण देवळामागे काढून टाकलेला पत्ता आत्याचा वाटत नाही हेही खरं.

इथले लोक झिपकोडचं फार कौतुक सांगतात, १९६३ पासून आहे वगैरे, तेव्हा मी त्यांना हमखास सांगते की आमचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, जे संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहायचे. पहिला आकडा विभागाचा, म्हणून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड सगळे चारने सुरू. एवढ्या भाषांच्या आणि एकाच नावाच्या शेकडो गावांच्या देशात सहा आकड्यांत पत्र पोचवायचं म्हणजे इथल्या सरळ आखलेल्या रस्त्यांपेक्षा कितीतरी अवघड काम, असं मला वाटतं आणि मी ते बोलून दाखवते. मात्र इथल्या पोस्टाने २०१६ ला दिवाळीचं तिकीट काढलं, त्यावर पणतीचा फोटो, तेव्हा लायनीत उभं राहून मी चार शीटं घेतली होती. फॉरएव्हर तिकीट असल्यामुळे तेव्हा ४७ सेंटला घेतलेलं आजही चालतं, जुलै २०२५ मध्ये भाव ७८ झाला तरी. डिसेंबरच्या कार्डांना मी तीच पणती लावते. भारताच्या पाकिटांना मात्र वेगळं गोल तिकीट लावते.

यंदा भारतातल्या बारा घरांसाठी वेगळी लेबलं आणायचं ठरवलंय. ए-फोरवरची एकवीसची शीट मिळते, तिचं लेबल ३८ मिलिमीटर उंच असतं, त्यात देऊळसुद्धा मावेल. तेच सांगायला आणि पत्ता पुन्हा पूर्ण लिहून घ्यायला मी आत्याला फोन केला होता, त्यातून हे सगळं निघालं. मी तिला समजावत होते की अगं इथे सगळे असंच करतात, आत बघ, आत मी हातानेच लिहिलं होतं. ती ऐकून घेत होती. मग पत्ता सांगायला लागली, एकेक शब्द सावकाश, मी शाळेत असताना शुद्धलेखन घालायची तशी. पिनकोड दोनदा सांगितला, म्हणाली नीट घाल, तो आपल्या वेळणेश्वरच्या माणसाने दिलाय.

"आणि ते वरचं सौ. काढ."

मला क्षणभर कळलंच नाही. कॉन्टॅक्ट्समध्ये श्री., सौ. लिहायचा वेगळा रकाना आधी दिसत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच सगळ्यांचं ते नावाच्या रकान्यात टाइप करून टाकलं होतं. काका जाऊन मागच्या डिसेंबरात दीड वर्ष झालं होतं. तेव्हा तिकीट काढून जाणं जमलं नाही, व्हिडिओ कॉलवर रडलो सगळे. आणि दीड वर्षाने मी तिच्या दारात ते अक्षर छापून, चिकटवून पाठवलं. हाताने लिहायला घेतलं असतं तर स वरच पेन थांबलं असतं. चौपन्न लेबलं एका मिनिटात बाहेर आली, मी वाचली फक्त झिपकोड बघायला.

मी फोन कानाला तसाच धरून कॉन्टॅक्ट्समधलं तिचं कार्ड उघडलं, सौ. खोडलं आणि विचारलं, आत्या, श्रीमती घालू का.

"श्रीमती कशाला? हाताने लिही आणि नुसतं नाव लिही. पोस्टमन आपल्या आळीतलाच आहे."