इसार आल्याशिवाय तारीख द्यायची नाही

स्वतःची गाणी लिहून वाजवणाऱ्या पोरापोरींचे मला सारखे मेसेज येतात, ताई शो कसे मिळवायचे, कुणाचा नंबर आहे का, अमुक कॅफेवाल्याशी ओळख आहे का. नंबर असेल तर मी देते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण नंबर मिळाल्यावर पुढे जे बोलणं होतं ना, त्यात आपली मुलं सगळ्यात आधी काय देऊन टाकतात तर तारीख. समोरचा म्हणतो पंधरा तारखेला जमेल का, आपण म्हणतो हो जमेल, आणि झालं बुकिंग. कसलं झालं? पैशाचं बोलणं नाही, साऊंड कोण देणार माहीत नाही, आणि ती पंधरा तारीख मात्र आपण दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.

आपल्याकडे विकायला तारीखच असते. शनिवार-रविवारच चालतात, त्यात पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचं काही होत नाही, पितृपक्षात कुणी कार्यक्रम ठरवत नाही, मार्चमध्ये परीक्षा. मग उरतात किती? म्हणून एकच नियम पाळा, इसार म्हणजे अ‍ॅडव्हान्स खात्यात आल्याशिवाय तारीख पक्की नाही. तोपर्यंत म्हणायचं 'तारीख तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत धरून ठेवते', आणि शुक्रवारी खरंच सोडून द्यायची. मी निम्मे मागते, तीस टक्क्यांच्या खाली येत नाही. मागायला लाज वाटते हे मला कळतं, पण ज्याला खरंच कार्यक्रम करायचाय तो यूपीआयने दोन मिनिटांत पाठवतो, आणि जो पाठवत नाही त्याचा कार्यक्रम बहुतेक वेळा होतच नाही.

हे मी कुठल्या कोर्समध्ये नाही शिकले, नारायणगावला शिकले. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव, तमाशा कलावंत विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, आत फडाचा मॅनेजर वही घेऊन बसलेला. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं जीपगाड्या भरून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, भाव करतात, चहा पितात, आणि सुपारी, म्हणजे गावातला खेळ, ठरली की तिथल्या तिथे इसार देऊन लेखी करून जातात. ज्या तिथीला जास्त गावांच्या जत्रा त्या तिथीचा भाव वर, आडदिवशी कमी. एकच फड, एकच वग, पण तिथीप्रमाणे बिदागी वेगळी. मी तिथे एका राहुटीत बराच वेळ बसले होते आणि मला खूप भारी वाटलं की आपण शहरात बसून ज्याला म्युझिक बिझनेस वगैरे म्हणतो त्यातलं सगळं इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, भाव कसा ठरवायचा, अ‍ॅडव्हान्स, लेखी करार, गाडीचं अंतर, मुक्कामाला जागा कोण देणार, स्टेज कुणी बांधायचं. लाज नाही, संकोच नाही. पन्नास-शंभर माणसांचं पोट त्या वहीवर आहे म्हणून ती वही नीट लिहिली जाते. आमच्या बँडमध्ये चार माणसं आहेत, मग आमची वही का नको?

तर आता लेखी म्हणजे काय लिहायचं. वकिलाकडे जायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मोठा मेसेज किंवा साधा ईमेल, आणि समोरच्याकडून 'मान्य आहे' एवढं उत्तर, वाद झाला तर तेवढं पण दाखवायला उपयोगी पडतं. तारीख, जागेचा पूर्ण पत्ता, साऊंडचेक किती वाजता, आपण स्टेजवर किती वाजता आणि किती मिनिटं, मानधन किती, इसार किती आला, उरलेले कधी (मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लिहिते, नंतर नाही), प्रवास कुणाचा, जेवण, मुक्काम, साऊंड कुणाचा, आणि कार्यक्रम त्यांनी रद्द केला तर इसार परत नाही, आम्ही रद्द केला तर पूर्ण परत. सोबत टेक रायडर, म्हणजे आम्हाला किती माइक लागतात, किती मॉनिटर (स्टेजवर आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर), कहॉनला (वर बसून हातानं वाजवायच्या लाकडी खोक्याला) कुठला माइक, गिटार साऊंडला थेट जोडायला डीआय बॉक्स, स्टेजवर कोण कुठे उभं राहणार त्याचं साधं चित्र. चित्र हातानं काढून फोटो पाठवला तरी चालतं, साऊंडवाले दादा त्यावर खूश असतात.

वेळेबद्दल जरा जास्त बोलायचंय कारण मराठी कार्यक्रमात इथेच घोळ होतो. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि ते दिवस सणांनाच जातात. म्हणजे सोसायटीचा, मंडळाचा, कॉलेजच्या मैदानावरचा कार्यक्रम दहाला संपणार हे नक्की. आणि पत्रिकेवर सात लिहिलेलं असलं तरी दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत, मान्यवर अजून रस्त्यात आहेत, असं करत माइक हातात येतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. नव्वद मिनिटांचं बसवलेलं असतं आणि चाळीस मिनिटांत आटपा असं खालून खुणावतात. आमच्या बाबतीत एका ठिकाणी असं झालं आणि वर मानधन पण कमी करू म्हणाले, कारण कार्यक्रम छोटा झाला ना. तेव्हापासून मेसेजमध्ये एक ओळ कायम असते, आयोजकांच्या कारणानं उशीर झाला तर आम्ही ठरलेल्या वेळेला संपवू आणि मानधन पूर्ण राहील. बंदिस्त हॉलमध्ये दहाचा नियम तसा लागत नाही, पण नाट्यगृहाचं सत्र संपलं की तिथले कर्मचारी पडदा पाडतातच.

पब आणि कॅफेचं काय असं विचारतात. मुंबईत लोअर परळला २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं क्लब सुरू झालं तेव्हा स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना मोठी जागा मिळाली, २०१६ ला ते बंद झालं. जागा येतात, जातात, भाडं परवडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शब्दांवर चालणारं मराठी गाणं असेल तर पबच्या मागे धावू नका. तिथे लोक गप्पा मारायला आलेले असतात, त्यांचं चुकत नाही काही, पण आपली कविता काउंटरवरच्या मिक्सरच्या घरघरीत आणि मॅचच्या ओरड्यात जाते आणि दोन गाण्यांनंतर हिंदी फर्माईश येते. आपल्याला ऐकायला बसणारी माणसं हवीत. ती छोट्या प्रायोगिक रंगमंचांवर मिळतात, पुण्यात सुदर्शन रंगमंच, ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा जागा आहेत, तालुक्याच्या गावी वाचनालयाचा हॉल असतो, आणि कुणाच्या तरी घरचा दिवाणखाना तर असतोच. घरगुती मैफल आपल्याकडे काही नवीन नाही, पंचवीस माणसं सतरंजीवर, साऊंडचा खर्च शून्य, आणि प्रत्येक शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचतो.

स्वतः तिकीट लावून शो करायचा असेल तर आधी कागदावर हिशोब मांडा. समजा ८० खुर्च्यांची जागा, तिकीट ३००, त्यातली ६० गेली, म्हणजे १८,००० आले. भाडं ५,०००, साऊंड ६,०००, तिकीट साइटचं कमिशन धरा १,५००, गाडी-जेवण २,५००. उरले ३,०००, चार जणांत साडेसातशे प्रत्येकी. हे कमीच आहे, जास्त आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या साठ जणांचे नंबर विचारून लिहून घेतले तर पुढच्या वेळी पोस्टरला खर्च नाही, आणि त्यातलाच कुणीतरी ऑफिसच्या किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला बोलावतो, तिथे मानधन नीट मिळतं. आमचे बरेचसे चांगले शो असेच आलेत. आणि हो, संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, सगळीकडे ४९९ चं तिकीट दिसतं त्याचं एक कारण हे पण आहे.

गाणी तुमची स्वतःची असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झालाय, आणि आयोजकानं आयपीआरएसचं लायसन्स घेतलेलं असेल, तुम्ही कुठली गाणी वाजवली याची यादी दिली असेल, तर स्वतःचं गाणं स्वतः गायल्याचे पण पैसे येतात. यादी द्यायचा कंटाळा करू नका. आणि कार्यक्रमात जुनी सिनेमाची गाणी असतील तर लायसन्स आयोजकाचं हे मेसेजमध्ये लिहा.

पैसे अडकले तर. कंपन्यांच्या कार्यक्रमात हे जास्त होतं, बिल पाठवा, व्हेंडर कोड बनतोय, अकाउंट्सवाले रजेवर आहेत. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, गाणारे-वाजवणारे सेवा देणारे म्हणून करू शकतात. नोंदणी शोच्या आधी झालेली हवी. मग लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक होतं, नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं आणि सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की फोनवरचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. टीडीएस बहुतेक ठिकाणी १० टक्के कापतात, तो बुडाला असं समजू नका, रिटर्न भरलं आणि कर बसत नसेल तर परत येतो.

'पैसे नाहीत पण एक्सपोजर मिळेल' यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. शाळेसाठी, आजारी माणसाच्या मदतीसाठी, एखाद्या आंदोलनासाठी आम्ही फुकट वाजवतो आणि मनापासून वाजवतो, त्याची तारीख आम्ही स्वतःहून देतो. पण जिथे मांडववाला, केटरर, फोटोग्राफर सगळ्यांना पैसे आहेत तिथे गाणाऱ्याला पण हवेत. गाणं हे पण काम आहे, बसवायला महिने लागतात.

गणपती जवळ आले की दिवाळी पहाटची बोलणी सुरू व्हायची वेळ होते. आयोजक अनंत चतुर्दशीनंतर घाईघाईत फोन करतात आणि ओळखीतल्याच चार नावांना करतात, म्हणून फोनची वाट बघू नका. आत्ताच यादी करा, आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातली, ग्रंथालयं, रोटरी, बँकांच्या सोसायट्या, ज्येष्ठ नागरिक संघ पण. तीन गाण्यांचा साधा व्हिडिओ, एका खोलीत एका दमात वाजवलेला, एडिट नको, कारण त्यांना तुम्ही समोर बसून कसे गाता हेच बघायचं असतं. सोबत मानधनाचा आकडा स्पष्ट लिहा. पहाटेचा शो असेल तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचं पण आधीच विचारा, साडेपाचच्या कार्यक्रमाला साऊंडचेक पहाटे चारला असतो.