बंधारा आहे, फळ्या नाहीत : दुरुस्तीचा निधी मिळवतानाचा अनुभव

खान्देशात पाण्यावर बोलायला माणसं कमी नाहीत. तापीचं पाणी गुजरातेत जातं, गिरणेवरचे बलून (फुगवायचे रबरी) बंधारे कधी होणार, पाडळसरे धरण कधी पूर्ण होणार, पारावर हेच चालू असतं. पाडळसरे म्हणजेच निम्न तापी प्रकल्पाची १९९७ ची मूळ मान्यता १४२ कोटींची होती आणि २०२३ अखेरची सुधारित मान्यता ४,८९० कोटींची. उशिराची किंमत काय असते, हे या दोन आकड्यांवरून कळतं. त्यासाठी आंदोलनं व्हायलाच हवीत. मात्र गावच्या शिवारात उभा असलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे खांबांमध्ये काढता-घालता येणाऱ्या लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवणारा, फळ्यांअभावी कोरडा राहतो, त्यासाठी कोणी रास्ता रोको करत नाही. दुरुस्तीला नारळ फुटत नाही आणि कोनशिलाही लागत नाही. शिंदखेडा तालुक्यात, बुराई नदीच्या खोऱ्यातल्या अशाच एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा पाठपुरावा मी गावकऱ्यांसोबत केला. कागद कसा सरकतो आणि कुठे अडतो, ते लिहितो.

पहिला प्रश्न मालकीचा. बंधारा नेमका कोणाचा? साधारण विभागणी अशी: १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचं काम जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, १०१ ते ६०० हेक्टर मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यावरचं जलसंपदाकडे. आपल्याकडे जलसंपदा म्हणजे तापी पाटबंधारे विकास महामंडळ. जुन्या बंधाऱ्यांचा घोळ असा की बांधला एकाने, देखभाल दुसऱ्याकडे, आणि मधल्या काळात विभागच बदलले. चुकीच्या दारात दिलेलं निवेदन परत येत नाही, तिथेच पडून राहतं. म्हणून निवेदनाच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मागायचं ते एवढंच: प्रशासकीय मान्यतेचं वर्ष, गाळ्यांची (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागांची) संख्या, मूळ फळ्यांची संख्या, संकल्पित पाणीसाठा, शेवटची दुरुस्ती व तिचा खर्च, आणि बंधारा ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाला असल्यास त्याची प्रत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करायचं. हस्तांतरणाचा कागद निघाला तर सगळं गणितच बदलतं, कारण मग ‘देखभाल तुमचीच’ असं उत्तर तयार असतं. आमच्या बाबतीत तो कागद नव्हता, म्हणून मागणी विभागाकडे नेता आली.

उत्तर येईपर्यंत मोजमाप उरकून घ्यावं. एप्रिल-मे हा त्याचा हंगाम, कारण तेव्हा पात्र कोरडं असतं. आमच्या बंधाऱ्याला १४ गाळे आहेत, प्रत्येक दोन मीटर रुंद. अडवायची उंची अडीच मीटर आणि फळी अर्धा मीटर उंचीची, म्हणजे एका गाळ्याला पाच, एकूण ७० फळ्या. प्रत्यक्षात हाती लागल्या ४२. काही पुरात गेल्या, काही भंगारात, काहींचा उपयोग कुणाच्या गोठ्यात झाला असेल. गावात विचारलं, “नाना, फळ्या कथा ग्यात?” (कुठे गेल्या?) तर नाना हसतात, सांगत नाहीत. चोर शोधत बसू नये, त्यात गाव फुटतं आणि काम राहतं.

फळ्यांपेक्षाही खाचा बारकाईने पाहाव्यात. प्रस्तंभात (खांबात) फळी ज्या खाचेत बसते, तिच्या कडेचा लोखंडी अँगल गंजून फुगलेला असेल किंवा वाकला असेल, तर नवी फळीही बसत नाही. बसलीच तर मे महिन्यात निघत नाही. खाच वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. मग तळाचा उंबरा. त्यावर काँक्रीट झिजून खड्डे पडले असतील तर सगळ्यात खालची फळी टेकत नाही, आणि पाण्याचा दाब तर तिथेच सगळ्यात जास्त. खालच्या अंगाला ॲप्रनचं (पाणी पडतं त्या फरशीचं) काँक्रीट उखडलंय का, त्याच्या पुढे पात्र खचलंय का, दोन्ही काठांच्या पंखभिंतींमागची माती वाहून गेलीय का, हेही बघावं. बंधाऱ्याजवळून वाळू उपसली असेल तर पाया उघडा पडतो आणि फळ्या शंभर टक्के असल्या तरी पाणी खालून निघून जातं. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरावी, जिओटॅग चालू ठेवावा आणि गाळ्याला खडूने क्रमांक टाकावा. ‘बंधाऱ्याची दुरवस्था’ अशा मथळ्याच्या फोटोचा कोणत्याही अभियंत्याला उपयोग नसतो. ‘गाळा क्र. ९, उजवी खाच, अँगल तळापासून ४० सेंमी गंजलेला’ याचा असतो.

आमची मागणी वजनदार झाली ती मात्र एका साध्या हिशेबाने. अशा बंधाऱ्यामागचं पाणी पाचरीच्या आकाराचं असतं: भिंतीशी पूर्ण खोल, वरच्या टोकाला शून्य. म्हणून साठा ढोबळमानाने उंची गुणिले फुगवट्याची (अडलेलं पाणी मागे पसरतं त्या पट्ट्याची) लांबी गुणिले सरासरी रुंदी, आणि त्याचा निम्मा. आमचा फुगवटा १,२०० मीटर आणि रुंदी ३५ मीटर. अडीच मीटर उंचीला साठा ५२,५०० घनमीटर भरतो. आता ४२ फळ्या १४ गाळ्यांत समान वाटल्या तर प्रत्येकी तीनच येतात, म्हणजे उंची दीड मीटर. उंची घटली की फुगवटाही त्याच प्रमाणात आखडतो, ७२० मीटरवर येतो. साठा उरतो १८,९०० घनमीटर. फळ्या ४० टक्के गहाळ, पण पाणी गेलं ६४ टक्के. पात्र तळाशी अरुंद असेल तर नुकसान याहून जास्त. वरच्या दोन ओळींतच खरं पाणी असतं, हे एका वाक्यात मांडता आलं आणि बैठकीत त्यावर कोणाला दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही. ‘एवढे गाळे पूर्ण भरू, बाकीचे नंतर’ असाही एक सल्ला मिळाला. एकाच गाळ्यात फळ्या कमी असल्या तरी साठ्याची पातळी त्या गाळ्याच्या उंचीवर येते, तेव्हा तो बाद.

फायदा लिहिताना हात आखडता घ्यावा. ५२,५०० पैकी बाष्पीभवन आणि झिरपा धरून एक तृतीयांश वजा केला, ३५,००० उरले. गव्हाला हेक्टरी चार हजार घनमीटर पाणी लागतं, म्हणजे जेमतेम आठ-नऊ हेक्टर गहू. हा आकडा पाहून कोणी पैसे देणार नाही. पण हरभऱ्याला किंवा दादरला (रब्बी ज्वारीला) एक संरक्षित पाणी म्हणजे हेक्टरी साडेसहाशे घनमीटर, त्या हिशेबाने पन्नासेक हेक्टर. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात रब्बीचं ते एक पाणीच पीक तारतं. आम्ही दोन्ही आकडे लिहिले. शिवाय झिरपलेलं पाणी वाया जात नाही, काठच्या विहिरींना लागतं. म्हणून फुगवट्याच्या दोन्ही काठांच्या विहिरींची यादी आणि ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिलच्या पाणीपातळ्या जोडल्या. शेजारच्या शिरपूर पॅटर्नचं नाव अशा वेळी हमखास निघतं. तापीच्या पिवळ्या मातीच्या जाड थरात नाला खोल-रुंद करून जे साधतं, ते दक्षिणेकडच्या काळ्या पाषाणात तसंच साधेल असं नाही. आमच्या प्रस्तावात आम्ही खोलीकरण घातलंच नाही.

ग्रामसभेचा ठराव लागतोच. विषय विषयपत्रिकेवर आधी आलेला असावा. ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून घेतलेल्या ठरावावर पुढे कुणीतरी बोट ठेवतं. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ठरावात बंधाऱ्याचं नाव, नदी-नाला, गट क्रमांक, गाळे आणि गहाळ फळ्या आकड्यांत याव्यात, आणि फळ्या बसवण्या-काढण्याची जबाबदारी गाव घेईल हे वाक्य अवश्य यावं. त्या एका वाक्याने अर्धं काम होतं, कारण कार्यालयाला भीती हीच असते की आज फळ्या द्यायच्या आणि तीन वर्षांनी पुन्हा निवेदन यायचं. हेच काम ग्रामपंचायत विकास आराखड्यातही टाकून ठेवावं.

मग शाखा अभियंत्याची पाहणी आणि अंदाजपत्रक. ते सरकारी दरसूचीप्रमाणे होतं, आणि दरसूची बदलली की जुनं अंदाजपत्रक पुन्हा करावं लागतं. म्हणून ते कपाटात पडू देऊ नये. त्यात काय सुटतं ते आपण पाहावं. नव्या फळ्या येतात, पण जुन्या ४२ सरळ करणं, घासून गंजरोधक रंग देणं आणि रबरी सील बदलणं राहून जातं. सील कडक झालेलं असेल तर जुनी फळी नव्याच्या शेजारी गळत राहते. खाचांचे अँगल, उंबऱ्याचं काँक्रीट आणि फळ्या ठेवायला कुलपाची पत्र्याची खोली, हे तीन घटक आम्ही लेखी मागून घेतले. खोलीला ‘अनावश्यक बाब’ असा शेरा आला होता. २८ फळ्या कशा गहाळ झाल्या याचं उत्तर त्या शेऱ्यातच होतं, तसं नम्रपणे लिहिलं आणि खोली राहिली.

तांत्रिक मान्यता झाली की काम झालं असं गावाला वाटतं. तसं नसतं. तांत्रिक मान्यता म्हणजे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने ठीक आहे, प्रशासकीय मान्यता म्हणजे खर्चाला संमती, आणि तरतूद म्हणजे प्रत्यक्ष पैसा. तिन्ही वेगळे. पैसा बहुधा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, राज्यस्तरीय बैठका जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि मार्चच्या अर्थसंकल्पात आकडा येतो. म्हणजे उन्हाळ्यात तहान लागल्यावर दिलेलं निवेदन एक वर्ष मागे पडलेलं असतं. अंदाजपत्रक दिवाळीच्या आत कार्यालयात हवं. शिवाय लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यावर पडणार ते, विचारून घ्यावं: लघुपाटबंधाऱ्यांसाठी २७०२ महसुली आणि ४७०२ भांडवली. दुरुस्तीचा प्रस्ताव नव्या कामांच्या यादीत गेला तर तो त्या यादीत शेवटी राहतो. ‘निधी उपलब्ध नाही’ या उत्तरावर ‘कोणत्या लेखाशीर्षात, आणि त्यावर आधीच्या कामांचं दायित्व किती’ असं लेखी विचारावं. जुन्या मंजूर कामांची देणी आधी भागवावी लागतात, त्यामुळे तरतूद दिसते तेवढी मोकळी नसते.

लोकप्रतिनिधींकडे जाताना एक पान पुरे. वर बंधाऱ्याचं नाव, मधे ४० टक्के फळ्या-६४ टक्के पाणी, खाली तांत्रिक मान्यतेचा क्रमांक आणि नेमकी विनंती: अमुक लेखाशीर्षाखाली, अमुक वर्षाच्या आराखड्यात समावेश. आमदारांचं शिफारसपत्र नियोजन समितीसाठी उपयोगी पडतं, आणि समितीवरच्या सगळ्या पक्षांच्या सदस्यांना तेच पान द्यावं. निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो, ते ठीक. आवक क्रमांक घेतल्याशिवाय मात्र कार्यालयाबाहेर पडू नये. आम्ही खालच्या-वरच्या गावांचे तीन बंधारे एकाच पत्रात जोडले. एका गावाची मागणी स्थानिक वाटते, नाल्याची मागणी खोऱ्याची वाटते. त्यात आचारसंहिता आली की कार्यारंभ आदेश थांबतात, त्यामुळे निविदा त्याआधी निघेल असं पाहावं. जिल्हा परिषदेचा निधी पुढच्या वर्षअखेरपर्यंत खर्च करता येतो हे खरं, पण बंधाऱ्याला मार्च-अखेर कळत नाही. काम फेब्रुवारी ते मे एवढ्यातच होऊ शकतं.

काम चालू असताना एकच आग्रह धरला: प्रत्येक गाळ्यात फळ्या पावसाळ्याआधी एकदा बसवून आणि काढून दाखवायच्या. कागदावर ७० मोजणं सोपं आहे. चाचणीत दोन गाळ्यांत फळी अडकली, तिथला अँगल पुन्हा घासून घेतला. फळ्यांवर क्रमांक ठोकून घेतले आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) कधीपर्यंत, हे ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लिहून ठेवलं.

ऑक्टोबरच्या मध्याला फळ्या टाकतात. घाई केली तर परतीच्या पावसाचा लोंढा फळ्यांना अडतो आणि काठाची माती कापून बंधारा बाजूने फुटतो. उशीर केला तर वाहतं पाणी संपलेलं असतं. आधी उंबरा खराट्याने साफ करायचा, कारण एक गोटा राहिला तरी तळाची फळी तिरकी बसते. सगळे गाळे एकदम बंद करत नाहीत, प्रवाहासाठी दोन उघडे ठेवून ते शेवटी मिटवतात. बारीक गळती राहतेच. वरच्या अंगाने भुसा आणि काळी माती पाण्यात सोडली की ती फटीकडे ओढली जाते आणि तिथेच बसते. अचानक पाणी वाढलं तर वरची ओळ आधी काढायची. मे अखेरीला सगळ्या फळ्या मोजून खोलीत, किल्ली दोघांकडे.

या मजुरीची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. पांझरा नदीवरच्या फडपद्धतीत, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या जुन्या सिंचनात, पाटकरी आणि जागल्या हे काम करायचे आणि त्यांचा मोबदला पिकातून ठरलेला असे. आम्ही मोटार लावणाऱ्यांकडून प्रत्येक मोटारीमागे वर्गणी ठरवली. बिनमोटारीचे पण विहिरीला पाणी वाढलेले शेतकरी ‘आम्ही कुठे उपसतो’ म्हणतात, त्यांचं अजून मिटलेलं नाही.

आता दर पंधरा दिवसांनी बंधाऱ्याची पातळी आणि ठरलेल्या पाच विहिरींची पातळी वहीत लिहिली जाते. ॲप्रनपुढचं पात्र खचतंय, त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव यंदा दिवाळीच्या आत द्यायचा आहे आणि त्याला हीच वही जोडायची आहे.