दहा मिनिटांवरच्या मैदानासाठी १०४ मैल

माझं घर प्रतिस्पर्धी फुटबॉल क्लबच्या गावात आहे. इंग्लंडात नोकरी जिथं मिळाली तिथं राहिलो, त्याला इलाज नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या मैदानाचे फ्लडलाइट दिसतात, चालत दहा मिनिटं. आमच्या क्लबचं गाव २६ मैलांवर. त्यामुळे डर्बी, म्हणजे या दोन शेजारी क्लबांमधला सामना, त्यांच्या मैदानावर आहे म्हटल्यावर मी खूश होतो. चहा घ्यायचा, आमच्या क्लबचा मफलर कोटाखाली लपवायचा आणि चालू लागायचं.

मग क्लबचा ईमेल आला: सामना ‘बबल’ असेल.

बबल म्हणजे पाहुण्या समर्थकांना सुटं तिकीट मिळत नाही, बसच्या सीटसकटच घ्यावं लागतं. बस आपल्याच क्लबच्या मैदानावरून सुटते आणि तिथंच परत सोडते. स्वतःची गाडी, ट्रेन, पायी येणं, सगळं बंद. आधी हातात पडतं ते नुसतं व्हाउचर. खरं तिकीट वाटेत, मोटरवेवरच्या थांब्यावर. कार्डिफ आणि स्वान्सी या वेल्समधल्या क्लबांच्या समर्थकांनी हा प्रकार वर्षानुवर्षं सोसला आहे.

मी तिकीट खिडकीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला, मी सांगितला. क्षणभर शांतता, मग हसू दाबल्याचा आवाज. “म्हणजे तुम्ही आधी इकडे येणार, बसनं तिकडे जाणार, बसनं इकडे येणार आणि मग घरी?” हो. चार वेळा २६. “अपवाद करता येत नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं.

हे ठरवलं कुणी, ते शोधायला तीन आठवडे गेले. क्लब म्हणाला, पोलिसांना विचारा. पोलिसांकडून उत्तर आलं, क्लबला विचारा. दोघांनीही बोट दाखवलं ते सुरक्षा सल्लागार गटाकडे. १९७५ च्या कायद्यानं मोठ्या मैदानांना स्थानिक कौन्सिलचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. त्या कामात सल्ला द्यायला कौन्सिल, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि क्लब यांची माणसं एकत्र बसतात. पण तो सल्ला. एखाद्याला सामन्यापासून लांब ठेवायचं तर १९८९ च्या कायद्याखाली बंदी आदेश निघतो, तोही कोर्टाकडून आणि त्या माणसाच्या नावानं. माझ्या नावानं तसलं काही नव्हतं. बबल उभा राहतो तो तिकिटावरच्या अटींवर, आणि त्या अटींना क्लब मान मोडेपर्यंत होकार देतात.

इथं मला जुनी निवेदनं उकरून काढायची दुर्बुद्धी झाली. आदल्या मोसमात प्रतिस्पर्धी क्लबच्या समर्थकांना आमच्याकडे असंच बसमध्ये कोंबून आणलं होतं. तेव्हा त्यांचा क्लब म्हणाला होता, आमच्या निष्ठावान समर्थकांना गुन्हेगारांसारखं वागवलं जातंय. आमचा म्हणाला होता, सुरक्षेपुढे दुसरं काही नाही. यंदा आमचा क्लब ‘अत्यंत निराश’ होता आणि सुरक्षेचं वाक्य त्यांच्याकडे गेलं होतं. शब्द तेच, फक्त मालक बदललेले. आणि आदल्या वर्षी आमच्या ग्रुपवर “बरी खोड मोडली” असं लिहिणारा कोण? मीच. मेसेज अजून आहे.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर त्यांचा एक कट्टर समर्थक बसतो. २०१३ मध्ये हडर्सफील्ड आणि हल या इंग्लिश क्लबांच्या सामन्याला असाच बबल लावला होता, तेव्हा दोन्हीकडचे समर्थक एकत्र उभे राहिले आणि निर्बंध सैल करावे लागले. हे सांगून त्याला म्हटलं, चल, आपण दोघं मिळून पत्र लिहू. तो म्हणाला, “लिहू की. आधी हा सामना होऊ दे.”

सामना रविवारी दुपारी बाराचा, बस नऊला. रविवारची पहिली ट्रेन त्याआधी पोचतच नव्हती, म्हणून शनिवारची रात्र मित्राच्या सोफ्यावर काढली. बसमध्ये दारू नाही. १९८५ पासून तसा कायदाच आहे. मोटरवेवरच्या थांब्याच्या पार्किंगमध्ये व्हाउचर घेऊन तिकिटं वाटली, मागेपुढे पोलिसांच्या मोटरसायकली लागल्या आणि आमची वरात निघाली. गावात शिरल्यावर बस माझ्याच गल्लीच्या तोंडावर सिग्नलला थांबली. माझं दार दिसत होतं. शेजारच्या आजोबांनी मला काचेतून ओळखलं, स्वतःच्या मफलरकडे बोट दाखवलं आणि टाटा केला. बसमधल्या सगळ्यांना हसायला निमित्त मिळालं.

सामना ०-०. फार बोलण्यासारखं काही नाही. नंतर यजमान क्लबचे प्रेक्षक पांगेपर्यंत चाळीस मिनिटं स्टँडमध्येच उभं केलं. पाऊस होता. दहा मिनिटांवर माझा हीटर होता. एका स्टुअर्डला, म्हणजे मैदानावरच्या बंदोबस्ताच्या माणसाला, हळूच विचारून पाहिलं, “मी इथूनच गेलो तर?” तो म्हणाला, “साहेब, तुमचं नाव बसच्या यादीत आहे. माणूस कमी भरला तर बस हलणार नाही.” पन्नास थकलेल्या माणसांचा शाप घेण्यापेक्षा बसलो. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता.

मार्चमध्ये परतीचा सामना जाहीर झाला. आमच्या मैदानावर, त्यांच्यासाठी बबल. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातला तो गडी छापील पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला. हडर्सफील्ड आणि हलचा दाखलाही त्यात घातला होता. मी सही केली. पण दोन दिवस लावले.